शेजारची ओळ

देवगड,
४ मे

चि. बायो,


तुझं पत्र काल पोचलं. मेनफ्रेमवर काम सुरू करून महिना झाला, तरी युटिलिटीच्या आठ ओळी समोर आल्या की धडधडतं, असं लिहिलंस. दोष तुझा नाही. सॉर्टच्या ओळीत ‘१२,८,सीएच,ए’ एवढंच असतं. बाराव्या रकान्यापासून आठ अक्षरं, चढता क्रम, हे मॅन्युअलमध्ये सापडतं. हाच क्रम का, ते सापडत नाही. पुढचा प्रोग्रॅम शाखा बदलली की बेरीज छापतो, म्हणून नोंदी शाखेप्रमाणे लावायच्या. हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक होतं, आणि ते त्याने तिथे कॉमेंटमध्ये लिहायला हवं होतं.

‘सम फील्ड्स नन’ तर भल्याभल्यांना फसवतं. वाचणाऱ्याला वाटतं, बेरीज करू नको. प्रत्यक्षात क्रमाचे रकाने सारखे असलेल्या नोंदींपैकी एकच उरते, बाकीच्या गळतात. कोणती उरेल, तेही ‘इक्वल्स’ दिल्याशिवाय सांगता येत नाही. अशी ओळ कॉमेंटशिवाय सोडू नकोस.

पण कॉमेंट कुठे सुरू होते याला इथे फार महत्त्व आहे. ही सगळी रीत ८० रकान्यांच्या पंचकार्डांपासून चालत आली आहे. जेसीएलमध्ये दोन तिरप्या रेघा आणि तारा. सॉर्टच्या आदेशांत पहिल्या रकान्यात नुसता तारा. फाइली पुसायच्या-बनवायच्या आयडीकॅम्स युटिलिटीमध्ये तिरपी रेघ-तारा यांनी सुरुवात आणि तारा-तिरपी रेघ यांनी शेवट, पण दुसऱ्या रकान्यापासून पुढे. हे शेवटचं मी ठेच लागून शिकले. नवीन असताना डिलीट आणि डिफाइन यांच्या मधोमध मी सुरेख कॉमेंट लिहिली, अगदी पहिल्या रकान्यापासून. सिस्टिमने ती ‘इनपुट संपलं’ अशी वाचली. जुनी फाइल पुसली गेली, नवी तयारच झाली नाही, आणि स्टेपचा रिटर्न कोड शून्य! पुढची स्टेप कोसळली तेव्हा कुठे कळलं. रात्रभर बसले होते.

सॉर्टमध्ये स्वल्पविरामानंतर चुकून मोकळी जागा सुटली, तर त्या ओळीचा उरलेला भाग कॉमेंट धरला जातो. तेही तपासत जा.

तुझे बाबा सध्या आंब्याच्या अढ्या लावताहेत. प्रत्येक अढीवर चिठ्ठी असते: तोडणी कधीची, कोणत्या बाजूच्या कलमांची. ‘हे आंबे आहेत’ असं कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही. तू मात्र परवा पाठवलेल्या नमुन्यात ‘इथे सॉर्ट करतो’ असं लिहिलंस. ते आदेशातच दिसतं. कारण लिही, फाइल कुठून येते ते लिही, कोणता आकडा बदलला तर काय मोडेल ते लिही. आधी मराठीत मनाशी बोल, मग साध्या इंग्रजीत उतरव. आणि आदेश बदललास तर कॉमेंटही त्याच वेळी बदल. जुनी राहिलेली कॉमेंट नवख्याला सरळ खोटं सांगते, त्यापेक्षा ती नसलेली बरी.

त्या आठ ओळींवर तुझ्या कॉमेंट्स लिहून काढ आणि रविवारी फोनवर मला वाचून दाखव. जिथे मला ‘का?’ असं विचारावं लागेल, तिथे अजून एक ओळ हवी.

तुझी,
आत्या