नक्कल प्रत

लग्नात सर्वांत महत्त्वाचा माणूस कोण, असे कुणी विचारले तर नवरदेव, नवरी आणि भटजी या तिघांनाही बाजूला सारून मी व्हिडिओवाल्याचे नाव घेईन. घातलेला हार काढून पुन्हा घालायचा, तो त्याच्याच हुकमाने. त्याने ‘लाईट!’ म्हटले की पंगतीतल्या माणसाचा घास हातातच थांबतो.

आमचे लग्न २००६ सालचे, म्हणजे फितीवरचे. काड्यापेटीहून जराशा मोठ्या, तासातासाच्या चार कॅसेटी कपाटात जपून ठेवल्या आहेत. त्या चालवायचे यंत्र आता मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे कॅमेऱ्यातून फीतच गेली. पॅनासॉनिकने २००४ साली पी-टू नावाचे कार्ड आणले, सोनीने २००७ साली एसएक्सएस. चित्र हाय डेफिनिशन झाले. जुन्या व्हीएचएसवर सगळ्या आत्या सारख्याच गोऱ्या दिसत. आता पावडर कुठे संपते आणि आत्या कुठे सुरू होते, हेही दिसू लागले!

कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मी लगेच हिशेब मांडला. पी-टूवर सर्वांत चांगल्या चित्राला मिनिटाला साधारण एक जीबी लागे. म्हणजे आठ जीबीच्या कार्डात आठ मिनिटे. आमच्याकडे तेवढ्यात टॉवेल-टोप्यांचा आहेरसुद्धा आटपत नाही. शिवाय फीत स्वस्त, म्हणून भरली की ठेवून देत. कार्ड महाग, म्हणून भरले की कॉम्प्युटरवर उतरवायचे, पुसायचे आणि पुन्हा कॅमेऱ्यात घालायचे. फीत म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट, कार्ड म्हणजे करंट अकाउंट. सकाळी जमा, संध्याकाळी नावे.

२०११ साली असोद्यात पुतणीच्या हळदीला आमच्या थोरल्या काकूने जात्यावर बसून ओव्या म्हटल्या. सत्तरी उलटलेली बाई, पण आवाज खणखणीत. व्हिडिओवाला घास टाकून धावला, आणि घास असोद्याच्या वांग्यांच्या भरिताचा होता, हे लक्षात घ्या! त्याने सगळे टिपले. मात्र कार्ड उतरवून घ्यायचे राहिले, आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावच्या वरातीसाठी ते पुसले गेले. काकू एवढेच म्हणाली, “मंग माझं गानं गेलं कुठं?” बँकेत वीस वर्षे लोकांना उत्तरे देतो आहे, त्या दिवशी एकही सापडले नाही. पुढच्या वर्षी काकू गेली.

याच असोद्यात १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून घेतली. १९५१ साली त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली पुस्तक निघाले. उतरवून घेतले तेवढेच उरले. खानदेशातले सर्वांत मोलाचे रेकॉर्डिंग, वाचकहो, कागदावर झालेले आहे!

म्हणून हल्ली मी व्हिडिओवाल्याला कॅमेऱ्याची किंमत विचारत नाही. प्रती किती, आणि कुणाकुणाच्या घरी, एवढेच विचारतो. एक असोद्यात, एक जळगावात. बँकेत रुपयाच्या नोंदीचीही दुसरी प्रत असते, मग माणसाच्या आवाजाची नको?

आमच्या घरी तशी ही सोय पहिल्यापासूनच आहे. मी केव्हा काय बोललो, याची एक नक्कल प्रत आमच्या सौ.कडे असते. ती मात्र आजवर कुणाच्याने पुसली गेलेली नाही.