कालव्यातले मांजरघर

आम्स्टरडॅमला गेलेल्या पाहुण्याने चित्रे पाहावीत असा शिरस्ता आहे. माझ्या पुतणीने मात्र मला मांजरे पाहायला नेले, आणि तीही पाण्यावर! सिंगेल कालव्यात कायमची बांधलेली ‘पूझेनबोट’, म्हणजे मांजरांची नौका. हेन्रिएट व्हान वेल्डे या बाईंनी १९६६ साली घरासमोरच्या झाडाखालचे एक मांजरकुटुंब घरात घेतले. पुढे येणाऱ्यांना घर पुरेना, तेव्हा १९६८ साली त्यांनी चक्क एक जुने गलबत विकत घेतले. (आताची नौका त्यानंतरची.) जागेच्या टंचाईवरचा हा तोडगा मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही.

माणसाळलेली मांजरे पाहुण्यांच्या मांडीवर चढतात आणि लौकर घर मिळवतात. पंचाईत बुजऱ्यांची. अगदीच रानटी असतात ती तर नौकेवरच राहतात. एक करडी मांजरी खोक्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुतणीने नेमकी तीच पसंत केली.

“अगं, ही तुझ्याकडे बघतसुद्धा नाही!”

“काका, इथं आले तेव्हा मीही कोणाकडे बघत नव्हते.”

घरी तिला एकच लहान खोली, लपायला खोके, ठरल्या वेळी खाणे. ओढून बाहेर काढायचे नाही, टक लावून पाहायचे नाही. मी नेलेला दिवाळी अंक पुतणी रोज जमिनीवर बसून मोठ्याने वाची. रात्रीतून ताटली स्वच्छ होई, एवढेच. मी निघालो तोवर त्या घरात मला तिची शेपटीच तेवढी दिसली होती.

गणपतीत फोन आला. वाचन चालू असताना बाई खोक्यातून निघाल्या आणि उघड्या पानावर येऊन बसल्या. त्या कथेचा शेवट अजून वाचायचा राहिला आहे.