दाराला घुंगरू

जुन्या पनवेलमध्ये ज्या घरांना अजून पडवी आणि मागचं अंगण उरलंय, तिथून मला कधी बोलावणं येत नाही. दार दिवसभर उघडं असतं. कुत्र्याला शू लागली की तो उठतो, जातो, येतो, पुन्हा पायरीवर पसरतो. त्याला ‘शिकवायचं’ असतं हे त्या घरांना सांगितलं तर हसतील. मला फोन येतात ते खांदा कॉलनीतून, नवीन पनवेलच्या सेक्टरांतून, सुकापूर-विचुंब्याकडच्या नव्या इमारतींतून. तिथे दाराला लॅच, त्याच्या बाहेर जाळीचं दुसरं दार, मग पॅसेज, लिफ्ट, वॉचमन, पार्किंग, आणि हे सगळं ओलांडल्यावर कुठे तरी मातीचा एक तुकडा. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या मूत्राशयाला एवढा प्रवास झेपत नाही.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महानगरपालिका झाली २०१६ मध्ये. मधल्या काळातली गावातली बहुतेक कुत्री अंगणातली नाहीतर आळीतली. माझा धंदा त्यानंतरचा. दारं बंद झाली आणि कुत्री आत राहिली, म्हणून तो निघाला.

पहिल्या भेटीत बहुतेक घरांतून एकच वाक्य येतं, ‘‘मॅडम, ह्याला सांगायला शिकवा हो.’’ मी तेव्हा काही शिकवत नाही. चहा घेते आणि पिल्लाकडे बघत बसते. खेळता खेळता ते मध्येच थांबतं, चेंडू सोडून देतं, नाक फरशीला लावून वास घेत निघतं, एखादी गिरकी घेतं, सोफ्याच्या मागच्या बाजूला जातं. तेवढ्यात मी म्हणते, ‘‘उचला.’’ घरातले दचकतात. उचलून बाल्कनीत नेलं की ते तिथे शू करतं, आणि घरातल्यांना वाटतं मॅडमना काही सिद्धी आहे. पिल्लू सांगतच होतं. फक्त त्याचं सांगणं डोळ्यांनी बघायचं असतं, आणि ह्या घरांतले डोळे मोबाइलवर, टीव्हीवर किंवा कुकरच्या शिट्टीवर असतात.

म्हणून दाराला घुंगरू. पिल्लाच्या अंगात जे आधीच होतं, ते माणसाच्या कानाला पोचावं एवढाच त्याचा उपयोग. बाजारात ह्यासाठी नायलॉनच्या पट्टीवर ओवलेल्या तयार घंटा मिळतात. बैलाच्या माळेतलं मोठं पितळी घुंगरूही चालतं. फार बारीक घुंगरू मात्र नको, दुधाचे दात शिवशिवणारं पिल्लू ते तोडून गिळतं. फट रुंद असेल तर नख अडकतं, ते आणखी वाईट, कारण दाराशी एकदा दुखलं की पिल्लू दारापासूनच लांब राहायला लागतं.

घंटा म्हटलं की शिकलेल्या माणसाला पावलॉव आठवतो. मला तो इथे फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्याच्या प्रयोगात आवाज माणूस करायचा आणि लाळ कुत्र्याची गळायची. इथे आवाज कुत्रा करतो आणि उठायचं माणसाने. माझ्या कामाला जवळचा आहे तो मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक. १८९८ साली त्याने भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यात कोंडलं होतं. आत दोरीचा एक फास लोंबत असे, तो ओढला की दार उघडे आणि बाहेर खाऊ मिळे. मांजरं आधी ओरबाडत, ओरडत, मग चुकून कधी तरी फासाला पंजा लागे. पुढच्या खेपांना तो पंजा हळूहळू लवकर लागू लागला. ज्या कृतीमागोमाग हवी ती गोष्ट मिळते ती कृती टिकते, हे त्याने त्यावरून मांडलं. आमच्या दारावरचं घुंगरू म्हणजे तोच फास. मांजराच्या खोक्याचं दार यंत्राने उघडत होतं आणि आपलं दार उघडायला काकू पोळ्या टाकून यायच्या असतात, एवढाच फरक. पण सगळी गोम त्या फरकातच आहे.

शिकवणं तसं सोपं. घुंगरू हातात धरून पिल्लाच्या नाकासमोर न्यायचं. ते हुंगतंच. नाक लागलं त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा. घरात फक्त वरणभात शिजत असेल तर पनीर, त्यात कुणाची जात बाटत नाही. आवाजाला घाबरणाऱ्या पिल्लासाठी घुंगरात थोडा कापूस कोंबायचा आणि रोज थोडा थोडा काढत जायचा. नाक लावणं पक्कं झालं की घुंगरू दाराला, पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर. इथून पुढे खाऊ नाही. नाक लागलं, दार उघडलं. दार उघडणं हेच बक्षीस. घरातून प्रत्येक वेळी बाहेर नेताना दाराशी थांबायचं, नाक लागेपर्यंत वाट बघायची, मगच कडी काढायची. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने, खेळ संपल्यावर, ह्या वेळा ठरलेल्याच असतात. जागेपणी किती वेळ धरू शकेल ह्याचा ढोबळ हिशेब असा, की वयाच्या महिन्यांत एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं असेल तर तीन. हा वरचा आकडा आहे, तिथपर्यंत ताणायचं नसतं. काही जण ताणतात आणि मग मला फोन करतात.

कधी तरी एका दुपारी कोणी नेत नसताना घुंगरू वाजतं. घरात एकच गलका होतो, व्हिडिओ काढले जातात, नातेवाइकांना जातात. मला त्या दिवशी आनंद होतो, पण काळजीही वाटते, कारण खरी परीक्षा तिथून सुरू होते आणि ती कुत्र्याची नसते.

पहिल्या आठवड्यात सगळे उठतात. नंतर मालिका रंगात आलेली असते, कोणी ऑनलाइन मीटिंगमध्ये असतं, आजोबा म्हणतात, ‘‘आत्ताच तर जाऊन आला.’’ घुंगरू वाजतं, कोणी उठत नाही. पुन्हा वाजतं. मग वाजत नाही, आणि फ्रीजच्या कडेला डबकं सापडतं. घरातले म्हणतात, विसरला. कुत्रा विसरलेला नसतो. वाजवून दार उघडत नाही हे तो शिकलेला असतो, आणि थॉर्नडाइकच्या हिशेबात हेही शिकणंच. म्हणून आता मी पिल्लाला घुंगरू दाखवण्याआधी घरातल्यांना एक कागद लिहायला लावते. सकाळी कोण, दुपारी कोण, रात्री कोण. ज्या घरात त्यावरच भांडण होतं तिथे घुंगरू लावूच नये, ठरलेल्या वेळांना नेत राहावं. न ऐकलं जाणारं घुंगरू नसलेलं बरं.

ह्या बाबतीत मला मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या ‘जंजीर’ची आठवण होते. हा लॅब्रॅडोर पुण्यातल्या प्रशिक्षण केंद्रातून येऊन १९९२ च्या डिसेंबरअखेर पथकात दाखल झाला आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. त्याच्या नाकाचं कौतुक सगळे करतात, ते रास्तच. पण स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला साधारणपणे वास लागला की शांत बसायला शिकवतात, उकरायला किंवा पंजा मारायला नाही. तेवढ्या बसण्यावरून शेजारच्या माणसाने माणसं हटवायची, पथक कामाला लावायचं. तो बसला आणि हवालदार म्हणाला, ‘‘दमला असेल,’’ तर ते नाक काय कामाचं? हे मी घरोघरी सांगते. घरातली पोरं लगेच ऐकतात, मोठ्यांना वेळ लागतो.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. हुशार पिल्लाला चार-पाच दिवसांत कळतं की हे वाजवलं की खाली जाता येतं, खाली मांजर असतं, वॉचमनकाका असतात. मग घुंगरू दर दहा मिनिटांनी. इथे लोक वैतागून घुंगरू काढून टाकतात. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. वाजलं की जायचंच. पट्टा लावायचा, खाली एकाच ठरलेल्या जागी उभं राहायचं, तोंडातून शब्द नाही, मोबाइल नाही. पाच मिनिटं. काही केलं नाही तर गुपचूप वर. केलं, तर तिथेच लगेच शाब्बास आणि त्यानंतर फेरी, मांजर, वॉचमनकाका, सगळं. घरी परतून दिलेलं बक्षीस कुत्र्याच्या लेखी घरी परतण्याचं असतं.

ह्याचीच दुसरी बाजू हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला जाणाऱ्यांच्या घरी दिसते. पनवेलहून गाडीत बसायला मिळतं, पण त्यासाठी घर वेळेत सोडावं लागतं. सकाळी कुत्र्याला खाली नेतात, त्याने शू केली रे केली की त्याला ओढत वर. कुत्रा काही दिवसांतच हिशेब घालतो की शू केली की मजा संपते. मग तो खाली वीस मिनिटं प्रत्येक खांब हुंगतो, एक थेंब सांडत नाही, आणि वर येऊन पायपुसण्यावर मोकळा होतो. मालकाला वाटतं, मुद्दाम करतो. शू झाल्यावर निदान कोपऱ्यापर्यंत चक्कर मारा, एवढंच सांगायचं असतं. गाडी पुढची घ्या.

पायपुसण्याचीही गोष्ट आहे. जन्मल्यावर साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शूसुद्धा होत नाही, आई चाटते तेव्हा होते. पाय फुटले की ते झोपायच्या जागेपासून लांब जायला लागतं आणि दोन महिन्यांच्या आसपास पायाखाली काय असलं म्हणजे बसायचं हे ठरवत असतं. माती लागली तर माती, कागद तर कागद. गल्लीत जन्मलेली गावठी पिल्लं म्हणून मला आवडतात, त्यांच्या पायांना माती ठाऊक असते. दुकानाच्या पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू तिथेच खातं, तिथेच घाण करतं, तिथेच झोपतं. लांब जाण्याची त्याची उपजत सवयच मोडलेली असते, आणि ती परत बसवायला पैसे मोजणाऱ्या मालकाला वाटतं त्यापेक्षा बराच धीर लागतो. वर्तमानपत्रावर शिकवलेल्या पिल्लाच्या घरी आजोबांनी सकाळी पेपर जमिनीवर पसरू नये. अग्रलेख ओला होतो.

मग लोक विचारतात की सरळ मातीवरच का नेऊ नये. कारण लशी. गॅस्ट्रो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने जगतो, आणि आपल्या सोसायट्यांच्या फाटकाबाहेर भटक्यांचा राबता असतो. लशींचे डोस पुरे होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, पिल्लाला तिथे सोडणं धोक्याचं. त्यामुळे मी घुंगरू आधी बाल्कनीच्या दाराला लावते, आणि बाल्कनीत मातीचा किंवा हरळीचा ट्रे. डोस झाले की तेच घुंगरू मुख्य दाराला आणि त्या ट्रेमधली थोडी वास असलेली माती खाली ठरलेल्या जागी. ह्यात आठवडाभर गोंधळ होतो. होऊ द्यावा.

घरातल्या डागावर फिनाइल ओतून काही होत नाही. आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, कुत्र्याच्या नाकाला फिनाइल अधिक शू असं दोन्ही कळतं. एन्झाइमवालं क्लीनर वापरावं. आणि नाक घासणं, पेपरच्या गुंडाळीने मारणं, हे जिथे चालतं तिथे मी दुसऱ्यांदा जात नाही. त्याने कुत्रा एवढंच शिकतो की माणसासमोर शू करायची नाही, मग तो खालीही तुमच्यासमोर करत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की वर्षभराची शिकवणी वाहून जाते. पनवेलचा पाऊस तिरका येतो, रस्ते तुंबतात, आणि बऱ्याच कुत्र्यांना ओल्या गवतावर पाय ठेवणं नको असतं. घुंगरू वाजायचं बंद होतं, कारण बाहेर जाण्यात मौज उरलेली नसते. सोसायटीत छपराखालची एक जागा कमिटीकडून मागून घ्या, साफ करायची हमी देऊन मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते. साचलेल्या पाण्यातून मात्र नेऊ नका. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो कुत्र्यालाही होतो आणि त्याच्यापासून माणसालाही. त्याची लस असते, ती पावसाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

एकदा लागलेलं घुंगरू कुत्रा मोठा झाल्यावर काढून टाकण्याची घाई करू नका. मोठा कुत्रा ठरल्या वेळेला जातो, घुंगरू वाजण्याचं प्रमाण आपोआप कमी होतं. पण नीट शिकलेला कुत्रा अचानक रात्री दोन-तीनदा वाजवू लागला, खाली जाऊन थेंब थेंबच करू लागला, किंवा एरवीपेक्षा खूप पाणी पिऊन सारखा दाराशी येऊ लागला, तर त्याला रागावू नका आणि मलाही फोन करू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, मूत्रपिंड, मधुमेह ह्यांपैकी काहीही असू शकतं. नर कुत्रा पाय उचलून उभा राहिला आणि काहीच होत नसेल तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठा. एरवी सकाळची पहिली शू स्वच्छ, कोरड्या डबीत धरा आणि लगेच डॉक्टरांकडे पोचवा. उशीर होणार असेल तर डबी घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवा, आणि घरातल्या इतरांसाठी तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहा.