डिझेलचे माप कुणाच्या हाती?

इंधन-इंजेक्शनच्या या धाग्यात आज थोडे घरचे. घाटाच्या चढणीवर आमच्या वीस वर्षांच्या डिझेल एसयूव्हीचा जोर एकाएकी ओसरला. मागे भरलेली एस.टी., शेजारी आई. पेडल तळाला टेकलेले, इंजिन चालू, पण गाडी रांगत होती.

१८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनात इंधन फवारले जाई ते दाबलेल्या हवेने. त्यासाठीचा अवजड कॉम्प्रेसर मोटारीत मावणे कठीण. १९२७ पासून बॉशचे इंधनपंप कारखान्यातून बाहेर पडू लागले आणि डिझेलचा रस्ता सुकर झाला. पेट्रोल इंजिनातला थ्रॉटल हवेची वाट अडवतो. डिझेलमध्ये हवा मोकळी, बदलायचे ते इंधनाचे माप. पेडलची तार थेट पंपापर्यंत जाई. ती तुटली तर डोळ्यांना दिसे.

१९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत कॉमन रेल आले: सुमारे १,३५० बार दाब, आणि माप ठरवणारा संगणक. पाय आता केवळ अर्ज करतो. पेडलमधल्या दोन सेन्सरांचे संकेत जुळले नाहीत, की संगणक इंजिनाची ताकद आवळतो. गाडी उधळण्यापेक्षा हे बरे, मान्य. त्या वळणावर मात्र पटत नव्हते.

तुंबलेल्या फिल्टरनेही रेलमधला दाब पडतो, म्हणून मेकॅनिकने आधी डिझेल फिल्टर बदलला. दोष निघाला पेडलमध्ये. नवे पेडल बाजारात मिळेना. अखेर भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे बसवले. तिचे इंजिन ठणठणीत होते.