गुंता शेंड्याकडून

रविवार, ८ जून २०२५, बार्शी

कंडिशनरची बाटली आज कात्रीने मधोमध कापली. कडेला चिकटलेलं बोटाने निपटून घेतलं, तर माझ्या लेकीच्या, ओवीच्या, एका न्हाण्यापुरतं निघालं. बाटली १८० मिलीची, ३२५ रुपयांची, मेच्या पहिल्या आठवड्यात आणलेली. दोन डोकी, आठवड्यातून दोनदा न्हाणं, महिन्यात फडशा. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई मी ३५० घेते. म्हणजे दर महिन्याला एक ब्लाउज मोरीतून वाहून जातो.

ह्यांचं म्हणणं, "तेल लाव की." सरळ केसवाल्यांना हे कळायचं नाही. सरळ केसात डोक्याचं तेल आपसूक शेंड्यापर्यंत उतरतं. कुरळ्यात ते वळणावळणाला अडखळतं. मुळाशी तेलकट आणि टोकाला काथ्या. शिवाय वळणाच्या केसाला शेजारच्या केसात पाय अडकवायची खोडच असते. ओवीचे केस माझ्यावर गेलेत, माझे आईवर. माझ्या लहानपणी गुहागरला अशी बाटली नव्हती, पण रडारडही इतकी नव्हती. मग आई काय करायची?

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. सकाळी सहापासून मोरीला रांग. ओवीने कालच मोबाइलवर तांदळाच्या पाण्याचं काहीतरी पाहिलं होतं, म्हणून रात्री धुवण भिजत ठेवलं आणि हौसेने थोडी पेजही त्यात ओतली. लावताना बरं वाटलं. वडाला फेऱ्या मारून येईतो केस वाळले आणि कडक झाले. एकेक बट वेगळी उभी, हात फिरवला की करकर वाजणारी.

आणि मग माझी मलाच लाज वाटली. सुती साडीला खळ कशाची करतात? पेजेचीच. वीस वर्षं मी खळीच्या साड्यांवर ब्लाउज शिवतेय. जे साडी ताठ उभी करतं तेच केसाला लावून तो मऊ होईल, असं मला का वाटलं कोण जाणे.

गुरुवार, १२ जून

स्वयंपाकघर पालथं घातलं. केळं: कितीही घोटलं तरी रेषा राहतातच, त्या सुकून केसात अडकल्या, दोन दिवस वेचत होते. दही: सुटतात थोडे, पण वास. लिंबू: ओवीने डोकं खाजवून ठेवलेलं, थेंब पडताच किंकाळी. अंड्याला आत्याबाईंनी घरात मज्जाव केलाय, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला. हे म्हणाले, साबुदाण्याचं पाणी लावून बघ. एसटीत कंडक्टर आहेत, त्यांना कंडिशनरवर बोलायचा अधिकार ओवीने केव्हाच देऊन टाकलाय.

नारळाच्या दुधाने मात्र काम केलं. केस लोण्यासारखे. पण यंदा नारळ कडाडलाय. मंडईत ५५ रुपये सांगितला, आणि एका नारळाचं दूध दोन डोक्यांना एकदाच पुरतं. बाटलीपेक्षा महाग पडलं. माहेरी मागच्या अंगणात चार माड होते, तिथे हा स्वस्त उपाय. इथे ज्वारी-जवसाच्या मुलखात ती चैन आहे.

रविवार, १५ जून

आईला फोन केला. म्हणाली, "अगो, जास्वंदीचा पाला नाही का लावायचे तुझ्या डोक्याला? विसरलीस?"

विसरले नव्हते, फक्त त्याला मी औषध समजत होते. न्हाणीघराच्या दगडावर ती पंधरावीस पानं पाण्यात चुरायची. पाणी हिरवं व्हायचं, घट्ट व्हायचं, मग हाताच्या ओंजळीतून एका धाग्याने खाली लोंबायचं. तो बुळबुळीतपणा केसांवर ओतला की तिची बोटं मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अडखळता जायची. न्हाऊन झालं की डोकं पंच्यात गुंडाळायचं. जाड टॉवेल नाही, झिरझिरीत जुना पंचा, घासायचा नाही, नुसता टिपायचा.

शेजारी कुंपणाला जास्वंद आहे. पानं मागून आणली. झाला बुळबुळीतपणा, पण आईच्या हातच्याच्या निम्मा. आणि धुतल्यावर केस पुन्हा चिकट-राठ. आई म्हणाली, पाणी वेगळं. गुहागरची विहीर आणि इथली बोअर. इथल्या पाण्याने हीटरची कॉइल दोन महिन्यांत पांढऱ्या खपल्यांनी भरते. त्या कॉइलवर आज चमचाभर व्हिनेगर टाकून पाहिलं. फसफसलं आणि खपली सुटली. हीच खपली थोडी थोडी ओवीच्या केसांवरही बसत असणार. शेवटच्या तांब्याभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून ओतलं, ते डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिला मान मागे टाकायला लावली. राठपणा कमी झाला. बाटली ४० रुपयांची, लवकर संपणार नाही. फक्त केस वाळेपर्यंत पोरीला भेळेच्या गाडीचा वास येतो.

मंगळवार, १७ जून

शाळा सुरू झाली. रिबिनी, दोन वेण्या. सकाळी सव्वासहाला ओवी, मी आणि कंगवा. आत्याबाई देवघरातून ओरडतात, "ओल्या केसाला कंगवा लावू नये गं!" त्यांचं त्यांच्यापुरतं खरं आहे. ओला केस ताणला जातो, लवकर तुटतो. त्यांचे केस सरळ, वाळल्यावर दोन हातांत विंचरून होतात. पण कुरळा केस कोरडा विंचरला की तुटतो तर तुटतोच, वर पिंजून डोक्याचं टोपलं होतं. तो ओलाच सोडवायचा, पण नुसत्या पाण्याने ओला नाही, काहीतरी निसरडं लावून. हे त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा ऐकलं.

गुरुवार, १९ जून

माझ्या एक गिऱ्हाईक आहेत, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. मुंढा उतरवायला आल्या होत्या. कापलेली बाटली अजून मशीनच्या खणात होती, ती दाखवून विचारलं, "मॅडम, यात असं असतं तरी काय?"

चष्मा वर करून त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं: बेहेन्ट्रिमोनियम क्लोराइड. म्हणाल्या, केसावर ऋण भार असतो, विशेषतः झिजलेल्या शेंड्यांवर जास्त. शाम्पूतलं फेस करणारं रसायनही ऋणच, त्यामुळे ते मळ घेऊन निघून जातं. हा पदार्थ धन भाराचा. जिथे केस जास्त झिजला तिथेच जाऊन चिकटतो आणि धुतला तरी पातळ थर मागे राहतो. "तुमची जास्वंद काय किंवा भेंडी काय, असते तोवर घसरवते. धुतली की गेली."

म्हणजे घरचं ते कंडिशनर नव्हेच. ते वंगण. मशीनला तेल दिल्यासारखं, काम चालू असेपर्यंतच. ऐकून वाईट वाटायला हवं होतं, पण मला उलट सुटल्यासारखं झालं. मी इतके दिवस केसांना 'पोषण' शोधत होते. मला पाहिजे होती ती नुसती दहा मिनिटांची घसरण.

खोबरेलाचंही विचारलं. त्या म्हणाल्या, खोबरेल केसाच्या आत शिरतं, सूर्यफुलाचं तेल शिरत नाही. २००३ साली मुंबईच्याच संशोधकांनी तपासून छापलंय की धुण्याआधी खोबरेल लावलं तर केसातली प्रथिनं कमी जातात. "संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, तेही लक्षात ठेवा," असंही म्हणाल्या आणि ब्लाउज घालून बघायला आत गेल्या. मुंढा अजून बोटभर सैल हवा होता.

शनिवार, २१ जून

जवस! डब्यात वर्षभर असतात, चटणीपलीकडे कधी विचार केला नाही. काल रात्री चटणीसाठी भाजताना ओल्या बोटाला दोन दाणे चिकटले आणि घसरू लागले.

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, सारखं ढवळत. सातव्या-आठव्या मिनिटाला पाणी बदललं. पळी उचलली तर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार. गॅस बंद केला आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. अर्ध्या तासाने बघते तो दाण्यांसकट सगळं गोठलेलं. चहाच्या गाळणीतून एक थेंब खाली येईना. पिळलं तर गाळणीची जाळीच निखळली. नवी गाळणी ३० रुपये, हाही खर्च यातच धरायला हवा.

रविवार, २२ जून

आज गरम असतानाच गाळलं, ब्लाउजच्या जुन्या रुबिया अस्तराच्या तुकड्यातून. चटके बसले, पण वाटीभर निघालं, पारदर्शक, मधाच्या रंगाचं. ओवीने बोट बुडवून पाहिलं. "ई, शेंबूड," म्हणाली आणि लगेच मैत्रिणीला दाखवायला थोडं डबीत मागितलं.

केस धुतले, पाणी निथळू दिलं, चार भाग करून चिमटे लावले. एका भागाला मूठभर जवस. मग कंगवा उचलला आणि थांबले. वरून का सुरू करतेय मी? रिळाचा दोरा गुंतला तर मी कधी रिळाकडून ओढत नाही. मोकळं टोक धरायचं, तिथून बोटभर सोडवायचं, मग त्याच्या वर बोटभर. ओढलं की गाठ बसते, हे नव्या मुलींना शिकवताना मी शंभरदा सांगते. आणि पोटच्या पोरीच्या डोक्यात मुळापासून कंगवा घालून खेचत होते.

शेंड्यापासून सुरुवात केली. वरचा भाग मुठीत घट्ट, म्हणजे ताण मुळाला नाही. आधी बोटं, मग जाड दातांचा कंगवा. गाठ आली की तिच्यावर जवसाचा आणखी थेंब. तो तिच्या आत शिरतो, गाठ फुगते, सैल होते आणि मग एक केस बाजूला होतो, मग दुसरा. चाळीस मिनिटं लागायची ती अठरा लागली. रडणं नाही. कंगव्यातले केस मोजले नाहीत, पण चिमूटभरच होते.

एक मात्र आहे. धुऊन टाकायचं. मागच्या भागात थोडं राहिलं ते वाळून पापड झालं.

मंगळवार, २४ जून

दारात जोगवा मागायला बाई आली. हातात परडी, गळ्यात कवड्यांची माळ. खांद्यावरून पुढे आलेली जट माझ्या मनगटाएवढी, खाली गुडघ्याकडे गेलेली. मी सुपातून ज्वारी आणेपर्यंत ओवी टक लावून पाहत होती. ती गेल्यावर विचारलं, "आई, तिला कोणी कंडिशनर लावलं नाही का?"

आत्याबाईंनी तिला दटावलं. देवीचं असतं ते, असं म्हणू नये. पण दुपारी पान लावताना त्याच सांगायला लागल्या. त्यांच्या गल्लीतली एक, पहिल्या बाळंतपणानंतर दीडदोन महिने आजारी होती, डोक्याला हात लागला नाही. मागे एक गठ्ठा झाला. सोडवायला गेले तर दुखतं म्हणून ओरडायची. कुणीतरी म्हणालं, देवी आली, हात लावू नका. मग तेल बंद, फणी बंद. कुरळे होते का तिचे केस, मी विचारलं. आत्याबाई थांबल्या. म्हणाल्या, "होते की. तुझ्यासारखेच."

पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव अशा बायकांची समजूत काढून जटा कापतात. शेकडो बायका त्यांनी मोकळ्या केल्यात. पेपरातला तो फोटो मला आठवतो, जट उतरल्यावर मान डावी-उजवी करून पाहणाऱ्या बाईचा. रात्री ओवी झोपल्यावर तिच्या मानेमागची उशीवर घासून झालेली गुठळी अंधारातच चाचपली. साटिनच्या उरलेल्या तुकड्यांचा अभ्रा शिवायला घेतला.

शुक्रवार, २७ जून

हिशेब. जवस पाव किलो ३५ रुपये. एका वेळी पाव वाटी, म्हणजे साताठ वेळा. फ्रिजमध्ये आठवडा टिकतं, पुढे आंबूस वास येतो, मग फेकायचं. आमचे हे सुरुवातीला गाळलेले दाणे धपाट्यात घालून खायला तयार होते, आता नाहीत.

आणि हो, कंडिशनरची नवी बाटली आणली. गुंता सोडवायचं काम जवसाचं, ते धुतल्यावर बोटाच्या पेराएवढं कंडिशनर फक्त शेंड्यांना. मॅडमनी सांगितलेला तो धन भार तिथेच लागतो, मुळाला कशाला द्या? बाटलीवर पेनने आजची तारीख घातलीय. आधीची महिना टिकली. ही चार महिने टिकावी, असा अंदाज आहे.

रविवार, २९ जून

उवा. वर्गात आल्यात म्हणे, आमच्याकडे परवा दिसल्या. म्हणजे जाड कंगवा नाही, फणी. लाकडी, दोन्ही बाजूंनी दातांची, बारीक बाजू अशी की दोन दातांत कागद जाईना. कुरळ्या केसात फणी म्हणजे शिक्षाच. माझ्या लहानपणी अशा वेळी सरळ बॉबकट व्हायचा. आत्याबाईही म्हणाल्या, "काप बाई, वाढतील पुन्हा." ओवीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

जवस दुप्पट शिजवले. मांडीवर पांढरं अस्तर पसरलं, ओवी पुढ्यात पाटावर. आधी जाड कंगव्याने शेंड्याकडून मोकळं केलं, मग एकेक पातळ बट वेगळी काढून, भरपूर जवस चोपडून, फणी मुळाशी टेकवली. पहिल्यांदा अडकली. थेंब टाकला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर गेली. तिसऱ्यांदा कानामागून थेट शेंड्यापर्यंत उतरली. दातांत जवसाची लांब तार लोंबत होती, आणि तारेत काळा ठिपका वळवळत होता. तो अस्तरावर झटकला. आत्याबाई चष्मा लावून जवळ सरकल्या, अंगठ्याच्या नखाने टिचवायला.

"एक," ओवी म्हणाली.

साडेदहापर्यंत अकरा झाल्या. डावी बाजू झाली. ओवीला भूक लागलीय, जवस थंड होऊन घट्ट व्हायला लागलेत, उजवी बाजू अजून तशीच आहे.