बरणीचा तळ

फाल्गुन लागला आणि चिनीमातीच्या बरणीचा तळ दिसू लागला. कैरीच्या फोडी संपल्या. नवी कैरी लोणच्याजोगी व्हायला अजून दोन महिने. आणि बरणीच्या मालकिणीला तर वरणभाताशी फोड लागतेच.

तिनं बरणी तिरकी केली. तळाशी बोटभर खार होता: मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तेल. बाजारात ओली हळद नि गाजरं होती. ती धुऊन, फडक्यावर अगदी कोरडी करून तिनं पातळ काप त्या खारात मुरवले, वर लिंबू पिळलं.

दोन दिवसांत चव उतरली. तोवर डब्याला कारळ्याची चटणी होतीच.

तरी कैरीची सर कशालाच नाही. यंदा 5 किलोंऐवजी 7 किलो कैऱ्या घालायच्या, हे तिनं ठरवलंय. तुमच्याही बरणीत खार उरला असेल, तर टाकू नका.