अब्बांची दोननळी

अब्बांच्या इंतकालानंतर वारशाने आमच्याकडे दोन गोष्टी आल्या. आंब्याची थोडी कलमे आणि बारा बोरची दोननळी बंदूक. कलमांचे आम्हाला कळत होते, बंदुकीचे काहीच कळत नव्हते. कायद्याप्रमाणे परवाना आमच्या नावावर झाला. पण साफ करायची म्हटले की वरून फडके फिरवून कपाटात ठेवत असू. खोलायचा धीर नव्हता.

अम्मीचे एकच म्हणणे, "बेटा, सरकारजमा करून टाक. आपल्यासारख्यांच्या घरात हे नको." आपल्यासारख्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. दुकानात बंदुकीचे तेल मागितले तेव्हा दुकानदाराने आमचे नाव दोनदा विचारले होते. पण रात्री भातात रानडुकरे शिरली की तीच अम्मी म्हणे, "तुझे अब्बा असते तर एक बार काढला असता."

2024 च्या लोकसभा निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. जूनमध्ये आचारसंहिता उठल्यावर परत आणली, तेव्हा नळीवर तांबूस ठिपके दिसले. दोष आमचाच होता. खाडीकाठची खारी हवा, आणि जमा करताना तेलाचा हातसुद्धा फिरवला नव्हता.

शेजारी फौजेतून निवृत्त झालेले सुभेदारकाका राहतात. त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "मास्तर, खोलून मी देणार नाही. तुम्ही खोला, मी बघतो."

पहिला धडा एकच. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची, बंदुकीचे तोंड मोकळ्या बाजूला धरायचे, वरची खिट्टी सरकवून नळ्या मोडायच्या आणि दोन्ही घरे डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपायची. रिकामी आहे हे माहीत असले तरी. मग बंद करून नळीखालचे लाकूड काढायचे, पुन्हा मोडायची, की नळ्या हातात येतात. एवढेच! इतकी वर्षे ज्याची धास्ती घेतली ते तीन तुकडे चादरीवर पडले होते.

गज नेहमी मागून, काडतुसाच्या बाजूने घालायचा. आधी पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी काळी यायची थांबेपर्यंत, शेवटी तेलाची. तेल बेताचेच, जास्त झाले तर दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड कुजते. नळी उजेडाकडे धरली तर आत आरसा दिसला पाहिजे. आतल्या कळीचे स्क्रू मात्र कारागिरासाठी सोडायचे.

पुढच्या जुम्म्याला एकट्याने बसलो आणि फसलो. नळ्या काढलेल्या असताना सहज घोडा दाबला. टक् असा आवाज झाला आणि मग नळ्या काही केल्या बसेनात. रात्रभर झोप नाही. सकाळी काका हसले. लाकडाच्या तुकड्याने पुढच्या दोन जिभा खाली दाबून त्यांनी आतले हातोडे पुन्हा चढवले. मग मुद्दाम आमच्याकडून तीच चूक करवली आणि दुरुस्तही करवली. बी.एड.ला पाठनियोजनाच्या वह्या भरल्या, पण चूक अशी शिकवता येते हे तिथे कुणी दाखवले नव्हते. तेव्हापासून गणितात अडलेल्या पोराच्या हातातून खडू काढून घेत नाही.

त्याच वर्षी विधानसभेसाठी बंदूक पुन्हा जमा करायची होती. या वेळी तेल लावून नेली. टेबलाशी उभे राहून नळ्या मोडल्या, दोन्ही घरे दाखवली. हवालदार म्हणाले, "मास्तर, फौजेत होता काय?"

"नाही, शेजार आहे," आम्ही म्हणालो.

नोव्हेंबरात परत आणली. नळीवर ठिपका नव्हता. अम्मीने जुने धोतर फाडून चिंध्या आमच्यापुढे ठेवल्या. अब्बांचेच होते. सरकारजमाचे पुन्हा काही बोलली नाही.